दोन टप्प्यांचा प्रवास : मोबाईलवरून संगणकाला इंटरनेट



सह्याद्रीत उगम पावलेली वाशिष्ठी नदी चिपळूणवरून वाहत येते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तर काठावर दापोली तालुक्यातले दाभोळ आणि दक्षिण काठावर गुहागर तालुक्यातले धोपावे. दोन्ही गावे एकमेकांना दिसतात, पण मध्ये पाणी. २००३ सालापासून या दोन गावांमध्ये मोटारगाड्या नेणारी फेरीबोट चालते. दापोलीहून गुहागरला निघालेली मोटार दाभोळच्या धक्क्यापर्यंत रस्त्याने येते, तिथे बोटीत चढते, पलीकडे उतरते आणि पुन्हा रस्त्याला लागते. प्रवास एकच, पण टप्पे वेगळे आणि प्रत्येक टप्प्याचे नियमही वेगळे. समजा, ही मोटार गुहागरला तासभर उशिरा पोचली. उशीर रस्त्यात झाला की धक्क्यावर, हे कळल्याशिवाय त्यावर उपाय करता येईल का?

मोबाईलच्या मदतीने संगणकाला इंटरनेट मिळते, तेव्हा नेमका असाच प्रवास घडत असतो. घरात संगणक आहे, पण तारेने येणारे इंटरनेट नाही, अशी घरे खेड्यापाड्यांत पुष्कळ आहेत. मग घरातल्या कोणाचा तरी मोबाईल घेऊन त्यातला ‘हॉटस्पॉट’ चालू करायचा आणि संगणक त्याला जोडायचा, ही युक्ती तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पण ऐन वेळी घोटाळा होतो. शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या अर्जाचा शेवटचा दिवस असतो. सगळी माहिती भरून झालेली असते. फोटो आणि दाखला पाठवण्यासाठी कळ दाबली की पडद्यावरचे चक्र फिरत राहते, आणि फिरतच राहते. “आमच्याकडे रेंजच नाही,” असे म्हणून आपण हात टेकतो आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. पकडून तालुक्याच्या गावी जातो. दुसरा दिवस हाती असेल तर, अर्थात!

वास्तविक अशा वेळी बऱ्याचदा रेंज असते. ती संगणकापर्यंत नीट आणलेली नसते. हा प्रवास कोणत्या टप्प्यांनी होतो आणि त्यांतला कोणता टप्पा लंगडा आहे हे कसे ओळखायचे, ते आज आपण पाहणार आहोत.

मोबाईल म्हणजे रेडिओच

मोबाईल हे एक लहानसे रेडिओकेंद्र आहे. आकाशवाणीचा रेडिओ फक्त ऐकतो. मोबाईल ऐकतो आणि बोलतोही. दोघांचे वाहन मात्र एकच, विद्युत्‌चुंबकीय लहरी. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने धावतात. हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७-८८ च्या सुमारास त्या प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवल्या. आपल्या देशात १८९५ साली कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली. मध्ये तार नव्हती, माणूस नव्हता. तरी घंटा वाजली. गंमत अशी, की बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, त्याच कलकत्त्यातून भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली.

पण त्या वेळी या दोन गोष्टींची ओळख झालेली नव्हती. इंटरनेट येत असे ते घरच्या तारेच्या टेलिफोनवरून. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बनवलेली. संगणकाला तर फक्त ० आणि १ हे दोनच आकडे कळतात. म्हणून मध्ये एक यंत्र ठेवावे लागे. ते संगणकाचे आकडे शिट्टीसारख्या आवाजांत बदलून तारेवर सोडी आणि समोरून आलेल्या शिट्ट्यांचे पुन्हा आकडे करी. या यंत्राचे नाव मोडेम. ‘मॉड्युलेटर’ आणि ‘डिमॉड्युलेटर’ या दोन शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव तयार झाले आहे. पुढे मोबाईलच्या आतच मोडेम आला. तो शिट्ट्या वाजवत नाही. ० आणि १ यांच्या क्रमाप्रमाणे रेडिओलहरींमध्ये बदल करतो. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये तो आजही आहे. संगणकाला इंटरनेट देताना आपण खरे म्हणजे हा मोडेम संगणकाला उसना देत असतो.

सुरुवातीचे मोबाईल मोडेम सेकंदाला ९,६०० आकडे पाठवीत. अशा एका आकड्याला ‘बिट’ म्हणतात आणि ८ बिटांचा एक ‘बाइट’ होतो. अर्जासोबतचा तुमचा फोटो २०० किलोबाइटचा असेल तर त्याचे १६ लाख बिट झाले. तो पाठवायला त्या मोडेमला पावणेतीन मिनिटे लागली असती. आजचा मोडेम अनुकूल परिस्थितीत हेच काम एका सेकंदाच्या आत करतो. मात्र ‘अनुकूल परिस्थितीत’ हे शब्द विसरू नका. आपला सारा विषय त्या दोन शब्दांतच आहे.

लांबचा टप्पा : मनोरा ते मोबाईल

आपल्या प्रवासाचा पहिला टप्पा म्हणजे मोबाईलचा मनोरा ते तुमचा मोबाईल. हे अंतर काही किलोमीटरही असू शकते. मोबाईलच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मनोऱ्यावरून पृथ्वीचा वाकलेला पृष्ठभाग किती दूरपर्यंत दिसेल, याचे एक सोपे सूत्र आहे. उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. ३६ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सुमारे २१ किलोमीटर, आणि समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचीच्या जागेवरून सुमारे ३६ किलोमीटर. खाडीच्या दक्षिणेला टाळकेश्वरचे दीपगृह उंच टोकावर बांधले आहे ते याच कारणाने. दिव्याचा प्रकाश आणि मोबाईलच्या लहरी ही एकाच कुळातली भावंडे आहेत. एकाला जी उंची उपयोगी पडते ती दुसऱ्यालाही पडते.

मग दाभोळसारख्या गावात अडचण कोठे येते? सूत्र सपाट जमिनीसाठी आहे, आणि कोकणात सपाट जमीन शोधावी लागते. वर जांभ्या दगडाचा सडा आणि खाली, डोंगराच्या पायथ्याशी खाडीला लागून वस्ती, अशी गावाची ठेवण असते. सड्यावर उभे राहिले तर फोन चांगला चालतो. उतार उतरून घरी आलात की डोंगर मध्ये येतो. डोंगराची जशी उन्हात सावली पडते, तशीच लहरींचीही पडते.

मात्र ही सावली अगदी काळीकुट्ट नसते. लहरी अडथळ्याच्या कडेवरून थोड्या वळतात, आणि लहर जितकी लांब तितकी ती अधिक वळते. वेग भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी, हे तुम्ही शिकला आहातच. भारतात मोबाईलसाठी ७००, ९००, १८००, २३००, ३३०० मेगाहर्ट्झ यांच्या आसपासचे पट्टे वापरले जातात. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची सुमारे ९ सेंटिमीटर येते. पहिली लहर डोंगराला वळसा घालून दरीत थोडीफार उतरते, दुसरीला ते फारसे जमत नाही. शहरात फार वेगवान वाटणारी सेवा डोंगराआड नाहीशी होते आणि तिच्याहून सावकाश चालणारी सेवा तिथे टिकून राहते, याचे हे एक कारण आहे.

दुसरा अडथळा घराचा. जांभ्याच्या चिऱ्यांची जाड भिंत लहरींचा बराच भाग शोषून घेते, आणि पावसाळ्यात ती ओली झाली म्हणजे आणखी घेते. लोखंडी पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, पाण्याची भरलेली टाकी हीही वाट अडवतात. याउलट खाडीच्या बाजूच्या खिडकीत वाट मोकळी असते. पाण्यावर ना डोंगर ना झाड! म्हणून काठावरच्या घरातला फोन आपल्या गावातल्या मनोऱ्याला सोडून पलीकडच्या तालुक्यातल्या मनोऱ्याशी बोलत असला, तर त्यात नवल नाही.

फोनच्या पडद्यावरच्या चार-पाच रेघा ही रेंजची ढोबळ मोजणी आहे. खरा आकडा पाहायचा असेल तर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘अबाउट फोन’ आणि त्यातील ‘सिम स्टेटस’ येथे ‘सिग्नल स्ट्रेंथ’ दिलेली असते. तिथे उणे ८५ किंवा उणे ११० ‘डीबीएम’ असा आकडा दिसेल. त्याचा अर्थ असा : शून्य म्हणजे १ मिलिवॅट शक्ती, आणि प्रत्येक उणे १० ला शक्ती दहा पटींनी कमी. उणे ११० म्हणजे एका मिलिवॅटचा दहा हजार कोटीवा भाग! इतक्या सूक्ष्म शक्तीतूनही फोन अक्षरे ओळखतो, हीच आश्चर्याची गोष्ट आहे. तेव्हा उणे ८० आणि उणे ११० यांत फरक ‘तीसचा’ नाही, तर हजार पटींचा आहे, हे लक्षात ठेवा.

भोंगा आणि हाक

आता एक कोडे. पडद्यावर रेघा बऱ्यापैकी दिसतात, वर्तमानपत्राचे पान उघडते, मग अर्जासोबतचा फोटोच का जात नाही?

फेरीबोटीचा भोंगा खाडीच्या दोन्ही काठांवर ऐकू येतो. तो ऐकून तुम्ही काठावरून बोटवाल्याला हाक मारलीत तर ती त्याला ऐकू जाईलच असे नाही. भोंगा मोठा, तुमचा गळा लहान. मनोऱ्यावरच्या प्रेषकाची शक्ती दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त असते. ४जी फोनची मात्र जास्तीत जास्त सुमारे एक-पंचमांश वॅट. मनोऱ्याचे कान फार तीक्ष्ण असतात म्हणून संभाषण होते, पण अंतर वाढले की आधी अडखळते ती फोनची हाक. रेघा दाखवतात तो मनोऱ्याचा आवाज. तुमची हाक तिकडे कशी पोचते आहे, हे त्या सांगत नाहीत. म्हणून दुर्बळ रेंजमध्ये वाचणे जमते आणि पाठवणे अडते.

अशा वेळी फोन काय करतो? मनोऱ्याच्या सांगण्यावरून तो आपला आवाज वाढवतो. मनोरा जवळ असेल तर कुजबुजतो, दूर असेल तर ओरडतो. ओरडण्याला शक्ती लागते. फोन गरम होतो आणि बॅटरी भराभर उतरते. हॉटस्पॉट चालू असताना फोन हाताला तापलेला लागला, तर त्यामागे रेंज दुर्बळ असणे हेही एक कारण असू शकते.

जवळचा टप्पा : मोबाईल ते संगणक

दुसरा टप्पा मोबाईल ते संगणक. याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, वायफाय. हॉटस्पॉट चालू केला की फोन २४०० मेगाहर्ट्झच्या किंवा ५००० मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात दुसरे, अगदी छोटे रेडिओकेंद्र सुरू करतो. पहिल्या पट्ट्यातली लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते, दुसऱ्यातली सहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. दुसरा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार खाणारा. फोन आणि संगणक वेगवेगळ्या खोल्यांत असतील तर फोनच्या हॉटस्पॉटमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा. दुसरा मार्ग ब्लूटूथचा. तोही २४०० मेगाहर्ट्झच्याच पट्ट्यात चालतो. त्याला बॅटरी कमी लागते, परंतु वेग सेकंदाला दोन-तीन दशलक्ष बिटांच्या पलीकडे जात नाही. तिसरा मार्ग यूएसबी तारेचा. फोन चार्ज करण्याची तार संगणकाला लावून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की झाले. ‘टेदर’ म्हणजे गुराला खुंट्याला बांधण्याचे दावे. संगणकाला आपण जणू फोनच्या खुंट्याला बांधतो! या मार्गाला भिंतीचा त्रास नाही, परका कोणी मध्ये शिरू शकत नाही आणि फोन चार्जही होत राहतो. मात्र केवळ चार्जिंगपुरत्या बनवलेल्या काही तारांतून माहिती जात नाही, एवढे पाहून घ्यावे.

धक्क्यावरचा कारकून

फोन या दोन टप्प्यांच्या मधला धक्का आहे. तिथे नुसता माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात चढत नाही. एक हिशेबही ठेवावा लागतो.

इंटरनेटवर कोणतीही गोष्ट अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांना आपण पुडकी म्हणू. एका पुडक्यात जास्तीत जास्त सुमारे १,५०० बाइट मावतात. तुमच्या २०० किलोबाइटच्या फोटोची अशी १४० च्या आसपास पुडकी होतील. प्रत्येक पुडक्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेत एखादे पुडके हरवले तर तेवढेच पुन्हा पाठवतात.

पत्त्यांची पद्धत ठरली तेव्हा त्यासाठी ३२ बिट राखून ठेवले गेले. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ इतकेच निरनिराळे पत्ते होतात. जगाची लोकसंख्या २०२२ साली ८०० कोटी झाली. म्हणजे माणशी एकही पत्ता पुरत नाही, आणि आपल्याकडे तर फोन, संगणक, दूरदर्शन संच सगळ्यांनाच पत्ता हवा! यावर १२८ बिटांच्या मोठ्या पत्त्यांची नवी पद्धत निघाली आहे आणि ती पसरतेही आहे. पण तिच्याआधी एक साधी युक्ती निघाली, आणि तुमचा हॉटस्पॉट आजही ती वापरतो.

कोकणातून नोकरीसाठी मुंबईला गेलेले चाकरमानी पूर्वी गिरगाव-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहत. गावाहून येणाऱ्या पत्रांवर पत्ता एकच, त्या खोलीचा. पत्र आले की खोलीतला वडीलधारा माणूस ते ज्याचे त्याला देई. पोस्टमनला आत कोण कोण राहते हे माहीत असण्याची गरज नव्हती. फोन हेच करतो. आतल्या संगणकाला तो १९२.१६८ ने सुरू होणारा किंवा तशाच धाटणीचा एक खाजगी पत्ता देतो. हा पत्ता घरापुरता. बाहेर तो कोणालाही ठाऊक नसतो. संगणकाचे पुडके बाहेर जाताना फोन त्यावरचा खाजगी पत्ता खोडतो, स्वतःचा पत्ता घालतो, एक खुणेचा क्रमांक टाकतो आणि आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर त्या क्रमांकासह परत आले की वही पाहून ते योग्य संगणकाला देतो. दर सेकंदाला शेकडो पुडक्यांचा हा हिशेब तो कारकून न थकता ठेवतो.

यातून एक गोष्ट आपोआप कळते. बाहेरच्या जगाच्या दृष्टीने संगणकाने केलेले सारे काम फोनच्याच नावावर जमा होते. नेटपॅक संपतो तो फोनचा. कोणी अनोळखी माणूस तुमच्या हॉटस्पॉटवर शिरून काही गैरकृत्य करील, तर त्यावर पत्ता असेल तो तुमच्या खोलीचा. म्हणून हॉटस्पॉटला परवलीचा शब्द अवश्य ठेवावा. तो किमान आठ अक्षरांचा असावाच लागतो. ‘१२३४५६७८’ हीसुद्धा आठच अक्षरे आहेत, पण त्याला परवली म्हणता येणार नाही!

श्रीमंताकडून गरिबाकडे

आता मुख्य मुद्दा. मनोरा ३ किलोमीटरवर आहे आणि संगणक फोनपासून १० मीटरवर आहे असे समजू. पहिले अंतर दुसऱ्याच्या ३०० पट झाले. लहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. ३०० चा वर्ग ९०,०००. म्हणजे नुसत्या अंतराचाच विचार केला, तर लांबच्या टप्प्यात लहर जवळच्या टप्प्यापेक्षा ९० हजार पटींनी अधिक विरळ होते. मनोऱ्याची शक्ती जास्त असल्याने आणि त्याचा अँटेना एका दिशेला झोत टाकत असल्याने हा फरक थोडा भरून निघतो. तरी लांबचा टप्पा गरीब तो गरीबच.

आणि आपण करतो काय? संगणक टेबलावर असतो म्हणून फोनही टेबलावर, त्याच्या शेजारी ठेवतो. म्हणजे श्रीमंत टप्प्याची आणखी सोय करतो आणि गरीब टप्प्याला माजघरातल्या अंधारात बसवतो! याच्या उलट करायला हवे. फोन खिडकीत, माळ्यावर, पडवीच्या कोपऱ्यात, म्हणजे मनोऱ्याचा आवाज जिथे स्पष्ट येतो तिथे ठेवा आणि संगणक राहू द्या आपल्या जागी. समजा, फोन संगणकापासून १ मीटरवर होता, तो १० मीटरवर नेला. जवळच्या टप्प्याचे १०० पटींनी नुकसान झाले, पण त्याच्यापाशी एवढे भांडवल असते की मध्ये एखादीच भिंत असेल तर ते त्याला जाणवणारही नाही. उलट खिडकीत उणे ११० चा आकडा उणे ९० झाला, तर लांबच्या टप्प्याचा फायदाही १०० पटींचाच, आणि तो जिथे हवा तिथेच झाला. चक्र फिरत राहणे आणि अर्ज पोचणे यांत एवढेच अंतर असू शकते.

जागा शोधताना फोन हातभर इकडेतिकडे सरकवूनही पाहा. थेट आलेली लहर आणि भिंतीवरून परतलेली लहर एकमेकींत मिसळतात. एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर पडला तर जोर वाढतो. उंचवट्यावर खळगा पडला तर दोघी एकमेकींना मारतात. अशा लहान-मोठ्या जागांमधले अंतर तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतके असू शकते. ९०० मेगाहर्ट्झला ते ८ सेंटिमीटर येते. म्हणून वीतभर सरकवल्यावर रेंज सुधारली, तर तो नशिबाचा खेळ समजू नका. ते पदार्थविज्ञान आहे.

संगणकाची भूक

सारे जमले तरी एक चोर शिल्लक राहतो. फोनला ठाऊक असते की आपला दिवसाचा शिधा ठरलेला आहे. संगणकाला ते ठाऊक नसते. वायफाय दिसले की त्याला वाटते आपण तारेच्या, भरपूर इंटरनेटवर आहोत, आणि तो आपल्या प्रणालीच्या नव्या आवृत्त्या गुपचूप उतरवून घेऊ लागतो. एकेक आवृत्ती शेकडो मेगाबाइटची असू शकते. तुम्ही एका फोटोसाठी ताटकळत असता आणि त्याच अरुंद वाटेने हा हत्ती चाललेला असतो! विंडोज प्रणालीत त्या वायफायच्या जोडणीला ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करून ठेवली की संगणक बराचसा शिस्तीत वागतो.

मनोराच मुका झाला तर?

आतापर्यंत आपण मनोरा चालू आहे असे धरले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. त्याचा मोठा तडाखा दापोली आणि मंडणगड तालुक्यांनाही बसला. झाडे आणि विजेचे खांब पडले, वीज गेली, मोबाईल सेवा कोलमडली. टाळेबंदीमुळे शाळा बंद होत्या. शिक्षण मोबाईलवर येऊ घातले होते, आणि नेमका मोबाईलच मुका झाला. त्याच वर्षी सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर छप्पर घालून तिथे अभ्यास केल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती.

वादळाने एक धडा दिला. ‘बिनतारी’ म्हणतात ती सेवा शेवटी तारांवर आणि विजेवर उभी आहे. मनोऱ्याला वीज लागते, ती गेली तर बॅटरी किंवा जनरेटर लागतो, आणि मनोऱ्यापासून पुढे माहिती वाहून न्यायला काचतंतूंची केबल किंवा मनोऱ्यामनोऱ्यांमधला रेडिओझोत लागतो. यांपैकी एक दुवा तुटला तरी तुमच्या फोनची हाक हवेत विरते. तेव्हा खिडकीत ठेवूनही उपयोग नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला शेजाऱ्याचा फोन मागावा. त्याचा मनोरा कदाचित जिवंत असेल. पावसाळ्यात शेवटच्या तारखेची वाट पाहू नये, हे तर ओघानेच आले. आणि एक ताकीद : विजा चमकत असताना रेंजसाठी सड्यावर, गच्चीवर किंवा झाडाखाली जाऊ नका. कोणताही अर्ज तेवढा मोलाचा नसतो.

करून पाहा

१. घरात आणि अंगणात पाच जागा ठरवा. प्रत्येक जागी फोन दोन मिनिटे ठेवून सिग्नलचा आकडा वहीत लिहा. एका आकड्यावर विसंबू नका. तीनदा मोजून सरासरी काढा. जिथे आकडा शून्याच्या सर्वांत जवळ, ती तुमच्या फोनची जागा.

२. लंगडा टप्पा ओळखा. आधी संगणक तोडून फोनवरच एखादे पान उघडा. फोनवरच ते रखडले, तर दोष लांबच्या टप्प्यात आहे : जागा बदला. फोनवर झटकन उघडले आणि संगणकावर रखडले, तर तार लावून पाहा. तारेने सुधारले तर दोष वायफायचा. तारेनेही सुधारले नाही, तर संगणक पाठीमागे काही उतरवून घेतो आहे का ते तपासा.

३. फोन नीट बसणाऱ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला कॉल करा. मग झाकण थोडे उघडे ठेवून पुन्हा करा. काय फरक पडला? फट किती मोठी झाल्यावर लहर आत शिरली? तिची तुलना तरंगलांबीशी करा.

४. फेरीबोटीतून खाडी ओलांडण्याचा योग आला तर निघाल्यापासून पोचेपर्यंत दर मिनिटाला सिग्नलचा आकडा लिहा आणि आलेख काढा. बोट चालत असताना फोन एका मनोऱ्याचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो, आणि चालू असलेले बोलणे तुटत नाही. ही अदलाबदल खाडीत नेमकी कोठे झाली, हे तुमच्या आलेखावरून सांगता येईल का? जाताना आणि येताना ती जागा एकच असते का? का नसावी, याचा विचार करा.